गावाचा रस्ता, मोरी आणि चौक: काम मागावे कसे, तपासावे कसे

रस्त्याची मागणी घेऊन कोणत्याही कार्यालयाची पायरी चढण्याआधी तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे कागदावर पाहून घ्यावे, कारण आमच्याकडील कितीतरी अर्ज केवळ चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे पडून राहतात. गावठाणातील गल्ल्या आणि अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे असतात आणि त्यांची नोंद नमुना 23 मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, असावी लागते. गावाला गावाशी जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग, ज्यांना बोलताना ‘ग्रामा’ आणि ‘इजिमा’ म्हणतात, ते सामान्यतः जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आपली गल्लीच नमुना 23 मध्ये नसेल तर पहिला ठराव ती नोंद घेण्याचा करावा. नोंद नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकायला ग्रामसेवक (हल्लीचे ग्रामपंचायत अधिकारी) कचरतात आणि लेखापरीक्षणाचा विचार केला तर त्यांचे चुकत नाही.

शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. हा रस्ता गाव नकाशात तुटक रेघांनी दाखवलेला असतो आणि त्या नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. विदर्भात याखेरीज निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन जुने दस्तऐवज आहेत, ज्यांना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 161 आणि 165 चा आधार आहे आणि ज्यांत गुरांची वाट, पाणवठा, चराई असे गावाचे वहिवाटीचे हक्क लिहिलेले सापडतात. हे कागद फार थोडे लोक मागतात, त्यामुळे मागणाऱ्याचे म्हणणे लगेच जड होते. वहिवाटीचा रस्ता कोणी नांगरून घेतला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, तहसीलदारांकडे दावा करावा लागतो. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर संहितेचे कलम 143 लागते. या दोन कलमांची गल्लत झालेला अर्ज नुसत्या तारखा खातो.

जमिनीचा प्रकारही आधीच पाहावा. अमरावती विभागात रस्ता ई-क्लास, म्हणजे चराईसारख्या गावाच्या सामायिक वापरासाठी राखलेल्या सरकारी जमिनीतून जात असेल तर महसूल खात्याशी बोलावे लागते. नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांत सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असा शेरा असेल तर प्रकरण वन कायद्यात जाते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानंतर त्याबद्दल शंकेला जागा राहिलेली नाही. वनजमिनीतून जाणाऱ्या गावरस्त्यासाठी वनहक्क कायदा, 2006 चे कलम 3(2) उपयोगाचे आहे: ग्रामसभेची शिफारस असेल, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी 75 हून अधिक झाडे तोडावी लागत नसतील, तर रस्ता, शाळा, लहान जलाशय अशा 13 प्रकारच्या सुविधांसाठी वनजमीन देता येते. गडचिरोलीत आणि मेळघाटात हे कलम लोकांना तोंडपाठ असते. वर्धा-नागपूरकडे मात्र ते माहीत नसल्यामुळे कामे अडकलेली मी पाहिली आहेत.

आता ठरावाकडे येऊ. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते आणि बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा ठरून गेलेल्या असतात. पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा 2 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात तयार होतो, म्हणून रस्त्याचा विषय 2 ऑक्टोबरच्या सभेत आला पाहिजे. 26 जानेवारीला आलेला विषय बहुधा वर्षभर मागे पडतो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. नालीचा आणि सांडपाण्याचा विषय तेथे मांडावा, कारण सांडपाणी दारात साचण्याचा त्रास ज्यांना रोज होतो त्या तेथे बसलेल्या असतात आणि तेथून आलेली मागणी पुरुषांच्या सभेत सहसा कोणी खोडून काढत नाही.

ठरावाची भाषा नेमकी असावी. ‘गावात सिमेंट रस्ता करावा’ असा ठराव म्हणजे अंदाजपत्रक करणाऱ्याला दिलेली मोकळीक. त्याऐवजी असे लिहून घ्यावे: ‘वॉर्ड क्रमांक 2 मधील हनुमान मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या 100 मीटर लांबीच्या रस्त्याचे 3 मीटर रुंदीचे सिमेंट काँक्रीटीकरण करणे, उजव्या बाजूस नाली बांधणे, नालीचे पाणी लेंडी नाल्यात सोडणे, काम सुरू होण्यापूर्वी नळयोजनेची जलवाहिनी व घरगुती जोडण्या पूर्ण करणे, आणि जुना थर खोदून काढून रस्त्याची पातळी घरांच्या उंबरठ्याखाली ठेवणे.’ यातील शेवटच्या दोन अटी अनुभवाने आल्या आहेत. नळयोजनेच्या पाइपासाठी नवाकोरा रस्ता मधोमध चिरलेला नाही असे गाव आता शोधावेच लागेल. आणि दर पाच-सात वर्षांनी जुन्या थरावर नवा थर चढवत गेल्यामुळे रस्ता वर आणि घर खाली झालेल्या गल्ल्या तर जागोजागी आहेत, जेथे आषाढाची पहिली झड आली की लोक उंबरठ्यावर मातीचा बांध घालतात. काँक्रीट ओतण्याआधी दर दोन-तीन घरांआड एक रिकामा पाइप आडवा टाकून ठेवावा. उद्या कोणाला नळाची जोडणी किंवा केबल न्यायची झाली तर रस्ता फोडावा लागत नाही.

नाली मी मुद्दाम रस्त्याच्या बरोबरीने लिहिली आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा देते. कडेला पाणी मुरत राहिले की तिच्यावरचा रस्ता कधी उचलला जातो, कधी बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडेकडेने तुटू लागतो. मी ग्रामपंचायत सदस्य असताना आमच्या गल्लीचा ठराव नुसत्या रस्त्याचा करून घेतला आणि नाली पुढच्या वर्षी करू असे सर्वांनी मिळून ठरवले. ते पुढचे वर्ष चार वर्षांनी उगवले. तोवर रस्त्याची डावी कड वीतभर खचली होती, आणि त्या ठरावावर सही माझीच होती.

निधीबद्दल थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या हातात वित्त आयोगाचा अबंधित निधी असतो. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला असल्याने त्यातून रस्ता होत नाही, पण सांडपाण्याची नाली बसवता येते, आणि हा मार्ग अनेक ग्रामपंचायतींना सुचत नाही. आमदारांच्या शिफारशीने येणारी गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे ‘पंचवीस पंधरा’ या लेखाशीर्षाच्या नावाने ओळखली जातात, जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या दुरुस्तीला ‘तीस चोपन्न’ लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांसाठी आणि आदिवासी वाड्या-पाड्यांसाठी, ज्यात ठक्कर बाप्पा योजना येते, स्वतंत्र निधी आहे. पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांचा पंचायत कायदा) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. पांदण रस्त्यांसाठी राज्याने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. सध्या कोणत्या योजनेत प्रस्ताव घेतले जात आहेत ते पंचायत समितीत विचारून मगच कागद तयार करावेत.

अंदाजपत्रक वाचायला शिका

काम मंजूर झाले की अंदाजपत्रकाची प्रत मिळवावी. ती मागायला संकोच वाटण्याचे कारण नाही. तो गावाच्या कामाचा कागद आहे. अंदाजपत्रकात पाच-सहा बाबी असतात: खोदकाम, मुरमाचा थर, खडीकरण किंवा सोलिंग, काँक्रीट, नाली, आणि चाचण्यांचा खर्च. प्रत्येक बाबीपुढे लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण लिहिलेले असते. दर राज्य दरसूचीतून येतो, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. पाहायची ती जाडी. काळ्या मातीवर मुरमाचा थर किती जाड धरला आहे, तो रोलरने दाबायचा आहे की नुसता पसरायचा आहे, आणि नालीची बाब आहे की कोठेतरी गळाली आहे, एवढे तीन प्रश्न शाखा अभियंत्यांना कामाआधी विचारले तर उत्तरे सौम्य मिळतात. काम संपल्यावर तेच प्रश्न तक्रार ठरतात.

वरच्या ठरावातील रस्ताच घेऊ. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. एम-20 दर्जासाठी सिमेंट, रेती आणि गिट्टीचे 1 : दीड : 3 असे प्रमाण धरले तर एका घनमीटरला 50 किलोची सुमारे 8 पोती लागतात, म्हणजे पूर्ण रस्त्याला 360 च्या आसपास. (यंत्रावर तयार केलेल्या डिझाइन मिक्समध्ये पोती कमी लागू शकतात, तेव्हा आधी मिक्सचा कागद पाहावा.) रिकामी पोती मोजणे हे गावातील कोणत्याही मुलाला जमणारे काम आहे. आमच्याकडे एका कामावर दोन शाळकरी मुलांनी संध्याकाळी सहज म्हणून पोती मोजली आणि आकडा एवढा कमी निघाला की दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा मुकादम सकाळपासून पोती स्वतःच मोजून दाखवू लागला.

ओतण्याच्या दिवशी

काँक्रीटच्या दोन्ही कडांना लोखंडी चॅनल लावलेली असतात आणि त्यांची उंची बरोबर 15 सेंटिमीटर भरते, त्यामुळे कडेने पाहणाऱ्याला सर्व ठीक दिसते. चोरी मध्ये असते: तळाचा मुरूम मधोमध फुगवून ठेवला की स्लॅब तेथे पातळ होतो. एक सुताची दोरी दोन्ही चॅनलच्या वरच्या कडांवर ताणून धरावी आणि मधोमध दोरीपासून तळापर्यंत पट्टीने मोजावे. पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावे म्हणून स्लॅब मध्ये सुमारे 3 सेंटिमीटर उंच ठेवतात, त्यामुळे दोरीखाली 12 सेंटिमीटर भरले तरी जाडी पूर्ण आहे. आठ किंवा नऊ भरले तर ओतण्याआधी तळ खरवडायला सांगावे. ही तपासणी दर दहा मीटरवर केली तरी अर्ध्या तासात संपते.

रेतीची परीक्षा काचेच्या उभ्या बाटलीत होते. बाटलीत 10 सेंटिमीटर रेती भरून वर पाणी घालावे, जोरात हलवून तास-दोन तास तशीच ठेवावी. रेतीवर गाळाचा जो थर बसतो तो 8 मिलीमीटरहून जाड असेल तर ती रेती धुतल्याशिवाय चालणार नाही. पाण्याबाबत मजूर नेहमी हात सैल सोडतात, कारण पातळ काँक्रीट ओढायला सोपे जाते. एम-20 साठी एका पोत्याला 30 लिटरपर्यंतच पाणी मान्य आहे. मिक्सरवरच्या माणसाला एक ठरावीक बादली द्यावी आणि पाण्याचा पाइप थेट ड्रममध्ये सोडू देऊ नये. चौकोनी साच्यांत भरलेले नमुने, म्हणजे क्यूब, घेतले जात आहेत का हेही पाहावे. 45 घनमीटरच्या कामाला चार नमुने आणि प्रत्येकाचे तीन क्यूब घ्यायचे असतात, आणि 28 दिवसांनंतरचा चाचणी अहवाल देयकाला जोडला जातो. क्यूब भरताना त्यावर गावाचे नाव आणि तारीख खिळ्याने कोरून घ्यावी, म्हणजे दुसरीकडचा चांगला क्यूब आपल्या नावावर जात नाही.

स्लॅबला सुमारे चार-चार मीटरवर आडवे सांधे कापावे लागतात, आणि तेही पहिल्या दिवसभरातच. सांधा कापला नाही तर काँक्रीट आपल्या मर्जीने तडा काढते.

यानंतर येतो आमच्या हवामानातला सर्वांत अवघड भाग. मार्चअखेरीच्या घाईत निधी येतो, कार्यारंभ आदेश एप्रिलमध्ये निघतो आणि अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांवर गेलेला असताना काँक्रीट ओतले जाते. शक्य असेल तर कामाची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी मागून घ्यावी. उन्हाळ्यातच करावे लागले तर ओतण्याची वेळ पहाटेची किंवा सायंकाळी पाचनंतरची ठेवावी, तळ आधी पाण्याने भिजवावा, पृष्ठभाग ओढून झाला की त्यावर ओला बारदाना टाकावा, आणि दुसऱ्या दिवसापासून मातीची आळी बांधून त्यांत किमान 14 दिवस पाणी उभे ठेवावे. पाण्याचा खर्च काँक्रीटच्या दरात धरलेला असतो, तेव्हा टँकर आणणे हे कंत्राटदाराचे काम आहे. पण आळे फुटले का, कोरडे पडले का, हे पाहायला गल्लीतील घरांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. सकाळी दात घासताना दारातले आळे पाहून घेतले तरी पुरते.

मोरी आणि नाल्यावरचा पूल

रस्त्याखालून पाणी जाऊ देणाऱ्या सहा मीटरपर्यंत लांबीच्या बांधकामाला मोरी म्हणतात, सहा ते 60 मीटरपर्यंत लहान पूल, त्यापुढे मोठा पूल. गावाला बहुतेक वेळा मोरीचीच गरज असते आणि चूकही तेथेच होते. 600 मिलीमीटर व्यासाचा पाइप टाकून मोरी उरकण्याचा मोह सर्वांना होतो. आमच्या शिवारात अशीच एक मोरी होती. पहिल्याच मोठ्या पुरात नाल्यातून वाहत आलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या पाइपाच्या तोंडाशी अडकल्या, पाणी तुंबले आणि त्याने मोरीला बगल देऊन रस्त्याचा भराव कापून काढला. पाइप जागच्या जागी राहिला आणि रस्ता नाल्यात गेला. तेव्हा पाइप असा मागावा की माणसाला आत शिरून तो साफ करता येईल, म्हणजे 900 मिलीमीटर किंवा त्याहून मोठा, आणि पाणी जास्त असेल तर दोन-तीन गाळे. पाइपावर किमान 60 सेंटिमीटर भराव हवा, नाहीतर कापसाचा भरलेला ट्रॅक्टर तो दाबून फोडतो. दोन्ही तोंडांशी भिंती, आणि खालच्या अंगाला दगडी पिचिंग किंवा काँक्रीटचा फरस, ही बाब अंदाजपत्रकात असल्याची खात्री करावी. मोरी वरून क्वचित मोडते, ती खालच्या अंगाला पाण्याने केलेल्या खड्ड्यात कोसळते.

पुराची सर्वांत उंच पातळी अभियंत्याला गावाने दाखवावी. तो एका दुपारी कोरड्या नाल्यावर येतो आणि त्याला तेथे फक्त गोटे दिसतात. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीने मोवाड गाव उद्ध्वस्त केले, त्या पावसाळ्यात आपल्या नाल्याचे पाणी कोणत्या बाभळीपर्यंत किंवा कोणत्या विहिरीच्या कठड्यापर्यंत आले होते हे सांगणारी एखादी आजी किंवा एखादे काका अजून गावात असतात. त्यांना घेऊन नाल्यावर जावे, खुणेला रंग लावावा आणि ती उंची स्थळ पाहणीच्या पंचनाम्यात लिहून घ्यावी.

चौक आणि पार

सार्वजनिक जागेच्या कामात आजकाल पेव्हर ब्लॉकशिवाय कोणाला काही सुचत नाही. ब्लॉक वाईट नाहीत. ट्रॅक्टर आणि बैलगाडी जाणार असेल तर 60 ऐवजी 80 मिलीमीटर जाडीचे घ्यावेत, कडेने कर्ब पक्का बसवावा आणि खाली दाबलेल्या थरावर रेतीची समतल गादी करावी. कर्ब ढिला असला की एका पावसाळ्यात चौकाला लाटा येतात. परंतु पोळ्याचे तोरण ज्या चौकात बांधले जाते तेथे गुळगुळीत चकचकीत टाइल कोणी सुचवली तर ठामपणे नकार द्यावा. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हटली जाणारी लोककवने, सुरू असताना, गर्दीत बिथरलेला बैल ओल्या टाइलवर घसरून गुडघ्यावर आलेला मी पाहिला आहे. वडा-पिंपळाचा पार बांधताना खोडाभोवती हात-दीड हात माती मोकळी सोडावी, काँक्रीट खोडाला भिडवू नये. आठवडी बाजार भरत असेल तर ओटे बांधण्याआधी जागेचा उतार आणि नाली ठरवावी, आणि पहिल्या रांगेतील भाजीवाल्या बायांना विचारावे की दुपारी ऊन कोणत्या बाजूने येते.

काम झाल्यावर

देयक मोजमाप पुस्तिकेवरून निघते. तिच्यात काय लिहिले आहे ते पाहायचे असेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज करावा, 10 रुपयांचे न्यायालय मुद्रांक तिकीट लावावे, विषय एकच ठेवावा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवावा. ‘या कामाची सर्व माहिती द्या’ असे लिहू नये. मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि चाचणी अहवाल, एवढेच मागावे. याच कायद्याच्या कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते, जे फारसे कोणी वापरत नाही. नमुना मागितल्याचे पत्र गेले की कार्यालयाचा सूर बदलतो. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर 20 रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील करावे. दुसऱ्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही, राज्य माहिती आयोगाची खंडपीठे नागपूर आणि अमरावती येथे आहेत.

करारात दोष दायित्व कालावधी किती आहे ते कार्यारंभ आदेशात पाहून ठेवावे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला तो पाच वर्षांचा असतो, इतर कामांना कमी असू शकतो, आणि त्या मुदतीत निघालेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणून पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालावे, पाणी जेथे थांबते तेथे वीट ठेवून फोटो काढावा, आणि ऊन पडल्यावर तेथेच तडा दिसतो का ते पाहावे. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी अशा सर्व जागांची यादी फोटोंसह ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर उपअभियंत्यांना द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी, कारण कंत्राटदाराची सुरक्षा ठेव परत गेल्यानंतर दिलेल्या पत्राला फक्त आवक क्रमांक मिळतो.